मदत हवी आहे: नंदादेवीचं पहिलं आरोहण १९३६ की १९३९?

रेघोटी: नंदादेवीचा भिंतीवर लावायचा नकाशा काढतोय, चढाईच्या वाटा आणि सालांसकट. पहिल्या आरोहणाचं साल कुठे १९३६ सापडतं, कुठे १९३९. शिवाय पूर्वेला लाँगस्टाफ कोल (खिंड) असताना जुन्या मोहिमा मुख्य शिखराच्या पायथ्याच्या अभयारण्यात पश्चिमेच्या ऋषिगंगेच्या घळीतून का शिरल्या?

कडेकपार: दोन्ही सालं बरोबर, शिखरं वेगळी. मुख्य शिखर (७८१६ मी.) २९ ऑगस्ट १९३६ला टिलमन आणि ओडेल यांनी सर केलं. ओडेलबरोबर खरं तर ह्यूस्टन जायचा, पण त्याला डबाबंद मांस बाधलं. नंदादेवी पूर्व (७४३४ मी.) १९३९ला पोलिश मोहिमेने, बुयाक आणि क्लार्नर. मधली धार दोनेक किलोमीटरची, पण ती पार व्हायला १९७६ची भारत-जपान मोहीम यावी लागली. १९५१च्या फ्रेंच प्रयत्नात द्युप्ला आणि विन्य मुख्य शिखराजवळ शेवटचे दिसले. त्यांच्या शोधात तेनझिंग आणि द्युबॉस्ट पूर्व शिखरावर पोचले.

हिमरेषा: कोलबद्दल. उंची ५९१० मी., लाँगस्टाफ १९०५ला पूर्वेकडून तिथवर चढला. टिलमन-ह्यूस्टन १९३६ला परतताना त्यावरूनच बाहेर पडले, म्हणजे वाट अशक्य नाही. पण बर्फाची उभी चढण आहे. दोर लावून मोजकी माणसं जातात, महिन्याभराचं रेशन पाठीवर घेतलेली हमालांची रांग नाही. अभयारण्याभोवती शिखरांचं गोल कडं आहे, त्यात खालून फट एकच, ऋषिगंगेची. तीही १९३४पर्यंत कुणाला साधली नव्हती. शिप्टन, टिलमन आणि तीन शेर्पा (आंगथारके, पासांग, कुसांग) पहिल्यांदा आत पोचले.

आणि हो, रेणी गावापासून नदीकाठाने रेघ ओढू नका, ही चूक हमखास होते. वाट लाता गावातून लाता खरक, धरांसी अशी आधी उंच चढते, मग दिब्रुगेट्याला उतरते. पुढे देवडी, रामणी, भुजगारा, पातालखान.

रेघोटी: आभारी आहे. आजच्या वाटा वेगळ्या रंगात दाखवू का?

कडेकपार: दाखवा. अभयारण्याचा आतला भाग १९८३पासून चढाईला बंद आहे, तिथली रेघ तुटक करा. पूर्व शिखराची वाट बाहेरून: मुनस्यारी, लीलम, बोगड्यार, मार्तोली, ल्वां, भदेली ग्वार, मग कोल. आणखी एक, ‘दक्षिण धार’ दोन्ही शिखरांना आहे. १९३६ची आतल्या दक्षिण हिमनदीवरून सुरू होते, १९३९ची कोलवरून. नुसतं ‘दक्षिण धार’ लिहिलंत तर सालांचा घोळ पुन्हा होईल, सोबत शिखराचं नाव घाला.