समितीचा अध्यक्ष मांडवात पहिल्या रांगेत: ग्रामपंचायतीला आणखी कोणते अधिकार द्यायचे?

कागदावरची_ताई
काल इथे एका भाऊंनी लिहिलं: "बालविवाह, शाळाबाह्य मुलं, अत्याचार, प्रत्येकाला वेगळं खातं, म्हणून जबाबदार कुणीच नाही. इंग्लंडसारखं स्थानिक संस्थेकडे द्या. ग्रामपंचायतीला अधिकार द्या, सहा महिन्यांत फरक दिसेल." वाचून चहा गार झाला माझा.

अहो, ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष सरपंचच असतो. सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी, पाटी नवी, खुर्ची तीच). आणखी काय द्यायचं राहिलंय?

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात आठ वर्षं काढली, मराठवाड्यात. एका गावात समितीचं इतिवृत्त मागितलं. बारा महिन्यांच्या बारा सभा, एकच निळं पेन, एकच बैठक मारून लिहिलेल्या. फेब्रुवारीची सभा ३० तारखेला झालेली.

दुसऱ्या गावातून १०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा हळद लागलेली होती. नववीतली पोर. मेंदी ओली होती म्हणून पेला दोन्ही मनगटांत धरून पाणी पीत होती. आणि पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते समितीचे अध्यक्ष. मला म्हणतात, "ताई, आलाच आहात तर जेवून जा."

बांधावरचा_भाऊ
तो भाऊ मीच. एकच विचारतो ताई, १०९८ ला फोन केला कुणी? गावातल्याच माणसानं ना? तुमचा कक्ष साठ किलोमीटरवर, तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं?

आणि लग्न थांबवल्यावर पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. बहुतेकदा काय होतं ते मी लिहितो. बापाकडून हमीपत्र घेतलं, पोरीला बाल कल्याण समितीपुढं नेलं, चार दिवसांत ती परत घरी. महिन्याभरात मामाच्या गावाला, दुसऱ्या तालुक्यात, रात्री दहाला पंधरा माणसांत उरकलं. तुमच्या रजिस्टरात मात्र "बालविवाह रोखला". माझ्या चुलतबहिणीचं अस्संच झालंय. उगाच नाही बोलत.

हॅरोचा_हरी
इंग्लंडचं नाव निघालं म्हणून तोंड घालतो, इथे एकोणीस वर्षं राहतोय. लंडनच्या हॅरिंगे काउन्सिलच्या हद्दीत राहणारी व्हिक्टोरिया क्लिंबी २००० साली घरच्यांच्या छळाने गेली. आठ वर्षांची. समाजसेवा खातं, पोलीस, रुग्णालयं, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. २००३ ला त्या चौकशीचा लॅमिंग अहवाल आला, २००४ ला कायदा झाला, आणि २००७ ला त्याच हॅरिंगेत 'बेबी पी', तसाच घरात छळ होऊन गेलेलं तान्हं पोर. उत्तरेकडच्या रॉदरहॅम शहराचं तर विचारू नका. २०१४ चा ॲलेक्सिस जे यांचा अहवाल म्हणतो, १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं. शेवटी २०१५ मध्ये सरकारला त्या काउन्सिलवर आयुक्त बसवावे लागले. २०१७ च्या कायद्यानंतर काउन्सिल, पोलीस आणि आरोग्य यंत्रणा, तिघांवर सारखीच जबाबदारी आहे. तेव्हा भाऊ, "स्थानिक संस्थेकडे द्या" एवढ्याने इथेही भागलेलं नाही.

पण एक गोष्ट चांगली आहे. नगरसेवकांची छाननी समिती खात्याला उघड सभेत प्रश्न विचारते. मी एकदा मागे बसून ऐकलं. जाडजूड अहवाल, रंगीत तक्ते. एका बाईंनी विचारलं, "या रकान्यातली तेरा मुलं आत्ता कुठे आहेत?" अधिकारी पानं चाळत राहिला. कितीतरी वेळ.

मुकादमाचा_पुतण्या
लंडन राहू द्या. लग्न का होतं ते बोला. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी अर्धा कोयता. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर, घरी म्हातारी आणि चौदा वर्षांची पोर. तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामी वसतिगृह कागदावर सुरू होतं तोवर निम्मा ऊस गाळून झालेला असतो.

अक्षता_नको
राजस्थान उच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात, अक्षय तृतीयेच्या तोंडावर, पंच-सरपंचांनाच जबाबदार धरायला सांगितलं. इकडेही तसंच करा. पद गेलं की फेटे उतरतील.

बांधावरचा_भाऊ
पद जाणार म्हटल्यावर सरपंच लग्न थांबवेल की लपवेल? निवडणूक लढवून बघा एकदा. वाडीतली चाळीस मतं त्या मांडवात बसलेली असतात.

कागदावरची_ताई
हेच तर मी कालपासून सांगतेय! मत मागणारा माणूस मांडव मोडणार नाही. स्वतःच्या तोंडानं बोललात, आभारी आहे.

मी_सेविका
सदस्य सचिव म्हणजे मी. सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. पोषण ट्रॅकर, वजनं, गृहभेटी, लसीकरणाला पोरं गोळा करणं, त्यात ही समिती. लग्नाची खबर दिली की नाव गुप्त म्हणतात, पण गावाला कळतंच. गेल्या वर्षी रात्री दारावर दगड आला. माझं घर त्याच गल्लीत आहे, ताई, तुमच्यासारखी जीप नाही मला. आणि प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक? ते पाच वाजता तालुक्याला गेलेले असतात. लग्नं रात्री लागतात.

दप्तर_सांभाळणारा
झालं, आलं ग्रामसेवकावर. माझ्याकडे तीन गावं आहेत. घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुल, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळं मीच. तीन गावांत एका वेळी मुक्काम कसा करायचा ते शिकवा.

फळा_आणि_खडू
मग घरभाडं भत्ता कशाचा घेता? मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडता ना?

दप्तर_सांभाळणारा
गुरुजी, तुम्ही कुठे राहता? तालुक्याला दुमजली बांधलंय ऐकतो. तुमचा ठराव कुणी लिहिला? मीच लिहिला!

फळा_आणि_खडू
वैयक्तिक पातळीवर येऊ नका. गावात भाड्याने खोली मिळते का? संडास असलेली? माझी बायको नोकरी करते, मुलगी अकरावीला आहे. आणि सातवीनंतर पोर शाळेत आली नाही तर पहिला फोन मीच करतो.

दप्तर_सांभाळणारा
करता, आणि हजेरीत ती पोर दिवाळीपर्यंत हजरच दिसते. पटसंख्या घसरायला नको ना.

मुकादमाचा_पुतण्या
बघा. पोरीच्या लग्नावरून निघालेली वरात घरभाड्यावर येऊन थांबली. खोट्या ठरावावर सही मात्र सगळ्यांची.

हॅरोचा_हरी
विषयांतर म्हणू नका, मुद्दा इथेच आहे. खोटा ठराव ज्या हातांनी होतो त्याच हातांनी ३० फेब्रुवारीची सभा होते.

फळा_आणि_खडू
लंडनमधून खोलीभाड्याबद्दल प्रवचन नको. धन्यवाद.

कागदावरची_ताई
बरं, भाऊ, एक मान्य करते, जिवावर येतंय तरी. खबर गावातूनच येते. दर वेळी. पण समितीची वही तपासायला सरपंचाच्या पंगतीत न बसणारा माणूस हवा. तालुक्याच्या समितीने दर महिन्याला एक गाव न कळवता गाठावं आणि वही वाचू नये, पोरींची नावं घेऊन विचारावं.

बांधावरचा_भाऊ
न कळवता? तुमची जीप फाट्यावर दिसली की गावभर फोन फिरतात. पण ठीक आहे, सरपंच अध्यक्ष नको, एवढं सोडतो. सेविकेलाही सचिव ठेवू नका, तिला गावात नांदायचंय.

मी_सेविका
माझं मला बोलू द्या, भाऊ. सचिवपद मी सोडत नाही. ज्या घरच्या लग्नावरून दगड आला तिथली पोर यंदा दहावीला बसली. फक्त फोन केल्यावर पोलीस पाटलाने त्या बापालाच आधी सांगू नये, तेवढं बघा.

ताई, तुम्हाला विचारायचं होतं. ती पेला मनगटांत धरलेली पोर, तिचं पुढे काय झालं?

कागदावरची_ताई
हमीपत्र घेतलं होतं. मग माझी बदली झाली.

मी_सेविका
म्हणजे माहीत नाही.

कागदावरची_ताई
नाही माहीत.

बांधावरचा_भाऊ
गावाचं नाव निरोपात टाका. आमचे पाहुणे असतील तिकडं, विचारून सांगतो.

कागदावरची_ताई
असं नाव देता येत नाही. उद्या तिथल्या सेविकेलाच फोन लावते. जुन्या डायरीत नंबर असेल.