मदत हवी आहे : भूलशास्त्रासाठी एमडी, डीएनबी की आधी पदविका?

नमस्कार. एमबीबीएसनंतरची माझी वर्षभराची इंटर्नशिप संपत आली असून नीट-पीजीची (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) तयारी चालू आहे. भूलशास्त्रच घ्यायचे हे पक्के झाले आहे. मार्ग मात्र ठरत नाही. या वाटेने गेलेल्या डॉक्टरांचे मार्गदर्शन मिळावे, म्हणून हा धागा काढत आहे.

विषय कसा ठरला तेही सांगते, कारण माझी शंका तिथूनच निघाली. शस्त्रक्रियागृहात ड्युटी असताना एकदा आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम रुग्णाकडे पाठ करून सिरिंज भरत होत्या. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज किंचित खालच्या पट्टीत गेला, आणि माझी नजर पडद्यावरच्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांनी वळून रुग्णाची हनुवटी उचलून धरली होती. रक्तातला ऑक्सिजन घटला की त्या आवाजाची पट्टी उतरते, हे मी वाचलेले होते. पण तो कानाने टिपण्याची सवय रुग्णामागून रुग्ण हाताळल्याशिवाय लागत नाही, हे त्या दिवशी उमगले. तेव्हापासून नावापुढे कोणती अक्षरे लागतील यापेक्षा प्रशिक्षणात माझ्या स्वतःच्या हातून किती काम होईल, याची काळजी मला अधिक वाटते.

एमडी आणि एमबीबीएसनंतरचे डीएनबी (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड) हे दोन्ही पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत, दोन्हींत प्रबंध आहे आणि प्रवेशही नीट-पीजीच्याच गुणांवर होतो. फरक परीक्षेत आहे : एमडीची परीक्षा विद्यापीठ घेते, तर डीएनबीची परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून होते आणि तिची लेखी प्रश्नपत्रिका देशभर एकच असते. तिसरी वाट दोन वर्षांच्या पदविकेची. पदविकेनंतर डीएनबी करता येते, पण त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा देऊन आणखी दोन वर्षे द्यावी लागतात, म्हणजे तीन वर्षांचे काम चार वर्षांवर जाते. शिवाय पुढे हृदयशस्त्रक्रियेतील भूलशास्त्रात डीएम (एमडी किंवा डीएनबीनंतरची अतिविशेष पदवी) करावे असे मनात आहे, त्याची तीन वर्षे वेगळीच. घरच्यांचे म्हणणे असे की, यंदा मिळेल ती जागा घ्यावी, वर्ष वाया घालवू नये. त्यांची काळजी मला समजते. परंतु तीन वर्षे चुकीच्या ठिकाणी गेली, तर ते नुकसान एका वर्षाहून मोठे ठरेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की, काउन्सेलिंगमध्ये (जागावाटपात) पसंतीक्रम भरण्यापूर्वी एखाद्या विभागातील प्रशिक्षणाचा दर्जा नेमका कशावरून ओळखावा. सरकारी महाविद्यालयात रुग्ण भरपूर आणि अपघाताचे रुग्ण रात्री-अपरात्री येणारे, त्यामुळे हात लवकर बसतो, असे सिनियर सांगतात. खासगी रुग्णालयात डीएनबी करणाऱ्यांना गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया जवळून पाहायला मिळतात, पण तिथे कन्सल्टंटच बहुतेक काम करतात आणि शिकणारा बाजूला उभा राहतो, असेही ऐकले आहे. हे सरसकट खरे आहे का? तिथल्या निवासी डॉक्टरांना भेटून त्यांचे लॉगबुक (प्रशिक्षणातील कामाची नोंदवही) पाहू देण्याची विनंती करणे योग्य ठरेल का? लॉगबुकमध्ये ‘पाहिले’, ‘मदत केली’ आणि ‘स्वतः केले’ यांच्या नोंदी वेगळ्या असतील, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिसऱ्या रकान्यात काय असायला हवे?

ज्यांनी डीएनबी करून पुढे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले आहे, त्यांनी निवडीच्या वेळचा अनुभव आवर्जून लिहावा. आणि सर्वांनाच एक विनंती : आपण पहिल्यांदा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातलीत किंवा मणक्यात सुई देऊन भूल दिलीत, तेव्हा आपल्या मागे कोण उभे होते आणि चुकल्यावर हात कोणी धरला, एवढे जरी सांगितलेत तरी त्या विभागाविषयी मला पुष्कळ कळेल.