शब्दचर्चा: 'पीसबिल्डिंग' आणि 'सोशल कोहेजन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. डीएलएडच्या विद्यार्थ्यांसाठी एक वाचनपुस्तिका मराठीत करतेय. युद्ध किंवा यादवी झालेल्या देशांत मुलांसाठी, मुख्यतः शाळांमधून, जे काम चालतं त्याबद्दल आहे. युनिसेफनं नेदरलँड्स सरकारच्या पैशातून २०१२ ते २०१६ या काळात १४ देशांत असा कार्यक्रम राबवला. बुरुंडी, लायबेरिया, सिएरा लिओन, सोमालिया, दक्षिण सुदान, येमेन, म्यानमार, आपल्या शेजारचा पाकिस्तानसुद्धा त्यात होता.

सगळा मजकूर दोन शब्दांवर उभा आहे: पीसबिल्डिंग, म्हणजे लढाई थांबल्यावर शांतता टिकावी म्हणून करायचं काम, आणि सोशल कोहेजन, म्हणजे समाजातले वेगवेगळे गट एकमेकांशी जोडलेले असणं. खर्ड्यात मी 'शांतता निर्माण' आणि 'सामाजिक संसक्ती' लिहून ठेवलंय. 'संसक्ती' वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायला जीभ धजत नाही. उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वाचनात कळेल असा शब्द हवा. बोलीतला असला तरी चालेल, पण अर्थ सांडता कामा नये.

उत्तर (शिवाजी पेठ)

मॅडम, 'सलोखा' आहे की! मोडी कागदांत 'सलूख केला' असं येतं, तिथं दोन सत्तांनी लढाई थांबवून तह केला असा अर्थ असतो. म्हणजे या शब्दामागं लढाई आहेच. पुढं तो गावात उतरला आणि 'भावाभावांत सलोखा', 'जातीय सलोखा' असा रुळला. 'एकोपा'ही चांगला, पण एकोपा असायला आधी भांडण झालेलं असावं लागत नाही. तुमच्या पुस्तिकेतल्या मुलांनी भांडण नुसतं बघितलेलं नाही, घरदार गमावलंय.

उत्तर (गडहिंग्लज)

'सलोखा' मलाही पसंत आहे. पण आधी 'शांतता'कडं बघू, खरी अडचण तिथं आहे.

शांती आणि शांतता मराठीत वेगळ्या वाटांनी गेल्या. शांती मनाला लाभते, नाहीतर विधी म्हणून होते: वास्तुशांत, उदकशांत, साठीशांत. शांतता म्हणजे आवाज नसणं. आणि शाळेतल्या पोरानं हा शब्द कुठं ऐकलेला असतो? टेबलावर पट्टी आपटली जाते आणि मागून येतं, 'शांतता राखा!' त्याच्या लेखी शांतता म्हणजे गप्प बसणं. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात काढली, हा अर्थ पोरांच्या डोक्यात किती घट्ट बसलेला असतो ते मला माहीत आहे. आणि युद्धातून आलेल्या मुलाला गप्प बसवणं हेच तर या कामात नको असतं. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षं यादवी चालली. नंतर गावोगाव लोक रात्री शेकोटीभोवती बसून काय घडलं ते बोलू लागले, ज्यांनी केलं ते आणि ज्यांनी सोसलं ते समोरासमोर. त्या उपक्रमाचं क्रिओ भाषेतलं नावच 'फाम्बुल टोक', म्हणजे घरच्यांचं आपसातलं बोलणं.

तेव्हा 'शांतता' हे नाम ठेवायचं असेल तर क्रियापद जपून निवडा. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी पीसकीपिंग, पीसमेकिंग आणि पीसबिल्डिंग यांची वेगवेगळी व्याख्या दिली. ही विभागणी नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी त्याआधीच, सत्तरच्या दशकात मांडली होती. मराठीत पहिल्या दोन्हींना शब्द तयार आहेत: शांतता राखायची, तह घडवून आणायचा. तिसऱ्याला 'निर्माण' लावलं की पूल-रस्त्यासारखं काम वाटतं, उद्घाटन झालं की संपलं. मी 'रुजवणे' घेईन. रुजायला वर्षं जातात, आणि रुजलेलं वाळूही शकतं.

सोशल कोहेजनसाठी मात्र आपल्याकडं घरचं क्रियापद आहे: नांदणे. बोस्नियातलं युद्ध १९९५ मध्ये थांबलं. पण त्यानंतर तिथल्या काही गावांत बोस्नियाक (तिथले मुस्लिम) आणि क्रोएट मुलं एकाच इमारतीत जाऊनही वेगळी शिकत राहिली. कुठं वेगळं दार, कुठं वेगळी पाळी, वेगळी पुस्तकं, वेगळे शिक्षक. 'एका छपराखाली दोन शाळा' हेच त्या व्यवस्थेचं नाव. तिथं मारामारी नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे शांतता आहे. पण ती मुलं एकत्र नांदत नाहीत. हा फरक 'संसक्ती'नं कळणार नाही, 'गुण्यागोविंदानं नांदणे' म्हटल्यावर चौथीतल्या पोरालाही कळेल.

आपल्या गावापुरतं सांगायचं तर शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वेगळी वसतिगृहं काढली, कारण आधी पोरांना शहरात राहायला जागा तर हवी. पण १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत घेण्याचा हुकूम दिला. राहण्याची सोय वेगळी चालली, शिकणं वेगळं चालू दिलं नाही. हा दाखला पुस्तिकेत जरूर घ्या.

उत्तर (कुरुंदवाड)

आमच्या गावात गणेशोत्सवात मशिदीत गणपती बसतो. बाहेरून बातमीसाठी आलेले लोक त्याला 'सलोखा' म्हणतात. गावात तो शब्द कुणी वापरत नाही, 'आमच्यात तसलं काय न्हाई' एवढंच म्हणतात. जिथं तुटलंय तिथं सलोख्याचं नाव घ्यावं लागतं. म्हणून तुमच्या विषयाला 'सलोखा' बरोबर बसतो.

उत्तर (इचलकरंजी)

गडहिंग्लजच्या सरांचं सगळं पटलं, पण 'नांदणे'वर माझी हरकत आहे. आपल्यात नांदायला कोण जातं? सून. 'नीट नांद' हे तिला सांगतात, 'नांदली नाही' हा ठपकाही तिच्यावरच. त्या शब्दात जुळवून घ्यायचा भार आलेल्या माणसावर असतो. पुस्तिकेत 'परत आलेल्या मुलांनी गावात नांदावे' असं छापलं तर तोच भार लेकरावर जाईल.

सिएरा लिओनमध्ये यादवीनंतर सशस्त्र गटांतून रीतसर सोडवून नोंदलेली मुलं ७ हजारांच्या आसपास होती. दहाव्या वर्षी पळवून नेलेला पोरगा चौदाव्या वर्षी गावात परत येतो, तेव्हा लोक त्याला ओळखतात आणि घाबरतात. मुलींचं आणखी अवघड. नोंदलेल्यांत मुली फारच थोड्या. कित्येक जणी कुणाला न सांगता परतल्या, काहींच्या कडेवर मूल होतं. नोंद झाली तर जन्मभराचा शिक्का बसेल ही भीती होती. या पोरींनी आणखी किती जुळवून घ्यायचं?

पण मराठीतच याला तोड आहे: 'नांदवणे'. 'सासरचे नांदवत नाहीत' अशी तक्रार कोर्टापर्यंत जाते, आणि तिथं जबाब घराला द्यावा लागतो. म्हणून माझं म्हणणं, मुलांच्या बाबतीत क्रियापद 'नांदवणे'च हवं. नांदवायचं गावानं, शाळेनं, शेजाऱ्यांनी.

प्रश्नकर्ती (राजारामपुरी)

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. याच अंगानं आणखी दोन शब्द विचारते.

एक, 'संघर्षग्रस्त'. 'संघर्ष' आपल्याकडं अभिमानाचा शब्द आहे: 'संघर्षातून वर आला', 'संघर्ष समिती'. आणि '-ग्रस्त'बद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात छावणीतल्या पोरांना नाव-गाव विचारण्याआधी 'पूरग्रस्त' म्हटलं जायचं. मी 'युद्धाची झळ लागलेली मुलं' असं लिहावं म्हणते.

दुसरा, 'बालसैनिक'. ऐकायला बालवीर किंवा सैनिकी शाळेतला विद्यार्थी वाटतो, शौर्याचं काहीतरी.

उत्तर (इचलकरंजी)

'झळ लागलेली' छान आहे. शीर्षकात लांब वाटलं तर 'युद्धपीडित' चालेल.

'बालसैनिक' टाळाच. अशा मुलांच्या सुटकेसाठी आणि पुनर्वसनासाठी २००७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय 'पॅरिस तत्त्वां'त मुद्दाम लांब शब्दयोजना केली आहे: सशस्त्र दलाशी किंवा सशस्त्र गटाशी संबंधित मूल. कारण त्यात नुसता बंदूक धरणारा पोरगा येत नाही. स्वयंपाकाला जुंपलेली, ओझी वाहणारी, निरोप्या म्हणून धावणारी, लैंगिक अत्याचारासाठी ठेवलेली, अठरा वर्षांखालची सगळी मुलं येतात. 'सैनिक' म्हटलं की यातल्या मुली आपोआप गळतात. 'सशस्त्र गटांनी वापरलेली मुलं' असं लिहा. 'वापरलेली' म्हटलं की दोष कुणाचा ते स्पष्ट राहतं.

उत्तर (शिवाजी पेठ)

एक जोड देतो. मॅसेडोनियात १९९९ पासून काही वर्षं मुलांसाठी एक टीव्ही मालिका चालली. एकाच इमारतीत राहणारी मॅसेडोनियन, अल्बेनियन, तुर्की आणि रोमा मुलं, असा तिचा विषय. नाव 'नाशे मालो', म्हणजे आपली वस्ती. हा 'मालो' मूळचा अरबी 'महल्ला', तुर्कीतून तिकडं गेला. आपला 'मोहल्ला'ही तोच. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलिसांनी लोकांना धरून ज्या समित्या उभ्या केल्या, त्यांनाही 'मोहल्ला कमिटी'च म्हणत. मात्र आपल्याकडं मोहल्ला म्हटलं की एकाच समाजाची वस्ती डोळ्यांपुढं येते, म्हणून पुस्तिकेत 'गल्ली' किंवा 'पेठ' ठेवा.

उत्तर (गडहिंग्लज)

नेपाळचंही बघा. यादवीच्या काळात तिथं शाळांनाही झळ बसली होती. २०११ मध्ये सरकारनं शाळा 'शान्ति क्षेत्र' म्हणून जाहीर केल्या: शाळेच्या आवारात हत्यार नाही, बंद नाही, पक्षाचं राजकारण नाही. लिपी आपलीच, पण तिथं 'शान्ति'ला आपल्यासारखा पूजेचा वास नाही. मराठीत 'शांतताक्षेत्र' म्हणाल तर हॉस्पिटलबाहेरची हॉर्न न वाजवण्याची पाटी आठवेल. 'निर्भय शाळा' बरं वाटेल.

प्रश्नकर्ती (राजारामपुरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: पीसबिल्डिंगला 'शांतता रुजवणे', सोशल कोहेजनला नाम म्हणून 'सलोखा', आणि जिथं वाक्यात मुलं येतील तिथं 'नांदवणे'. पहिल्या धड्यातलं वाक्य बदलून असं केलंय: 'परतलेल्या मुलांना नांदवण्याची जबाबदारी सगळ्यांची आहे.'

उत्तर (इचलकरंजी)

'सगळ्यांची' म्हटलं की कुणाचीच राहत नाही. 'गावाची आणि शाळेची' असं नाव घेऊन लिहा.