चार्जर लावला की पेनड्राइव्ह गायब: फोनसाठी दोन पोर्टांचा यूएसबी-सी अडॅप्टर

तांब्याची_तार
फोनला लावायचा छोटा अडॅप्टर करतोय. एकीकडे फोनमध्ये जाणारा प्लग, दुसरीकडे दोन सॉकेट: 'अ' चार्जरला, 'ब' पेनड्राइव्ह किंवा डॅकला (डिजिटल डेटाचा आवाज करणारं उपकरण). डेटा फक्त यूएसबी २.०, म्हणून डेटाच्या दोन्ही तारा प्लगवरून थेट 'ब'ला. प्लगच्या सीसीवर (कोण वीज देणार हे ठरवणारी पिन) ग्राउंडला ५.१ के (किलोओहम) रेझिस्टर. 'अ'च्या दोन्ही सीसी एकत्र करून त्यांना मिळून एकच ५.१ के. 'अ'चा व्हीबस (विजेची तार) शॉट्की डायोडमधून (वीज एकाच दिशेने सोडणारा) फोनच्या व्हीबसवर.

चार्जर नसताना पेनड्राइव्ह छान चालतो. चार्जर लावला तरी फोन चार्ज होत नाही. प्लगच्या सीसीवर ५.१ केऐवजी ५ व्होल्टला ५६ के लावला की चार्जिंग सुरू, पण पेनड्राइव्ह दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी हवंय, शक्यतो ९ व्होल्टवर. कोणता रेझिस्टर चुकतोय?

ओहमचा_भाऊ
एकही नाही. रेझिस्टर बदलून हे जमणारच नाही.

यूएसबी-सीमध्ये जोडणीच्या क्षणी जो वीज देतो तोच होस्ट (डेटाची सूत्रं हाताळणारा) ठरतो. समोर ५.१ के दिसला की फोन वीजही देतो आणि होस्टही होतो. समोर पुल-अप (५ व्होल्टला लावलेला रेझिस्टर, जसा तुमचा ५६ के) दिसला की फोन वीज घेतो आणि डिव्हाइस (होस्टचं ऐकणारा) बनतो. तुम्हाला फोन होस्ट राहून वीज घेणारा हवाय. ती अवस्था पीडीच्या (पॉवर डिलिव्हरी, सीसीवरून विजेची बोलणी करायची पद्धत) संदेशांनीच येते. फोन आधी लावला असेल तर चार्जर आल्यावर पॉवर रोल स्वॅप (वीज देणारा-घेणारा अदलाबदल). चार्जर आधी असेल तर फोन जोडल्यावर डेटा रोल स्वॅप (होस्ट-डिव्हाइस अदलाबदल). दोन्ही वाटा फर्मवेअरमध्ये लागतील, कारण लोक कुठल्याही क्रमाने लावतात.

शॉट्की आजच काढा. फोन स्वतः ५ व्होल्ट देत असताना तुम्ही त्याच तारेवर बाहेरून वीज ढकलताय. त्या जागी पाठीला पाठ लावलेले दोन एन-चॅनल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) हवेत, म्हणजे बंद असताना दोन्ही दिशा अडतील. प्रत्येकी १० मिलिओहमचे घेतले तर ३ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट पडतात, ०.१८ वॉट उष्णता. चालतं.

आणि 'अ'च्या सीसी वेगळ्या करा, प्रत्येकीला स्वतःचा ५.१ के. २०१९च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ वर नेमकी हीच चूक होती. ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी चिप) असलेली केबल लावली की चार्जरला समोर ऑडिओ अडॅप्टर असल्यासारखं वाटायचं आणि तो वीजच द्यायचा नाही.

तांब्याची_तार
म्हणजे कंट्रोलर आलाच. कोणता घेऊ? आणि फोनला पीडी येतच नसेल तर?

ओहमचा_भाऊ
तर त्या फोनवर दोन्ही एकदम चालणार नाही. खोक्यावर तसं छापा.

फर्मवेअर_फडके
एसटीएम३२जी०७१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये पीडीचे दोन पोर्ट आतच आहेत: एक 'अ'साठी, एक प्लगसाठी. 'अ'वर टीसीपीपी०१-एम१२, प्लगवर टीसीपीपी०३-एम२० या संरक्षण चिप लावा. ही संरक्षणं वाचवू नका. कनेक्टरमध्ये व्हीबसची ए४ पिन आणि सीसीची ए५ पिन शेजारी आहेत, अंतर अर्धा मिलिमीटर. प्लग तिरका ओढला की ९ व्होल्ट सरळ सीसीवर. अडॅप्टरला बॅटरी नाही, म्हणून वीज नसतानाही सीसीवर ५.१ के दिसला पाहिजे, नाहीतर कोणीच पहिली वीज देणार नाही. टीसीपीपी०१ ते काम करतो; प्लगच्या बाजूचीही खात्री करून घ्या.

फोनला जे व्होल्टेज जाहीर कराल ते चार्जरकडे खरंच असलं पाहिजे. फोनने ९ व्होल्ट मागितले की १५ मिलिसेकंदांत 'मान्य' म्हणावं लागतं. मग तुम्ही चार्जरकडे मागणी करायची, त्याचा 'वीज तयार' संदेश आला की तोच फोनला पाठवायचा. फोन त्याची साधारण ४५० मिलिसेकंद वाट बघतो. एकदा मान्य म्हटल्यावर चार्जरने नकार दिला की हार्ड रीसेट (सगळी बोलणी पहिल्यापासून), आणि पेनड्राइव्ह पुन्हा गेला.

जाहीर करताना स्वतःचा खर्च वजा करा. 'ब'ला ५ व्होल्ट ०.५ अँपिअर म्हणजे २.५ वॉट, बकची (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ९ व्होल्टवर सुमारे ०.३१ अँपिअर. चार्जर ३ अँपिअरचा असेल तर फोनला ९ व्होल्ट २.६५ आणि ५ व्होल्ट २.४ सांगा. ५ व्होल्टची ही माहिती ज्या ३२ बिटांच्या नोंदीत जाते, त्यातच २९, २७ आणि २५ हे बिट १ करा: पॉवरची दुहेरी भूमिका, बाहेरची वीज उपलब्ध, डेटाची दुहेरी भूमिका. २५वा विसरलात तर काही फोन डेटा स्वॅप नाकारतात आणि आपण दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसतो.

पीपीएस (फोनने व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी मागायची सोय) पहिल्या बोर्डवर नको. फोन ५ व्होल्टच्या खाली मागू शकतो, तिथे बक निरुपयोगी.

गुळगुळीत_व्हीबस
'ब'चा ५ व्होल्ट फोनच्या व्हीबसवरून घेऊ नका. पॉवर स्वॅप होताना फोन वीज बंद करतो, मग अडॅप्टर सुरू करतो. मधल्या खंडात पेनड्राइव्ह रीसेट होतो. चार्जरची बाजू आणि फोनची बाजू आयडियल डायोडने (व्होल्टेज जवळपास न पाडता एकाच दिशेने वीज सोडणारा) एकत्र करून तिथून बक भरा. बक १०० टक्के ड्यूटीवर जाणारा (आत आलेलं व्होल्टेज जवळपास तसंच पुढे सोडणारा) हवा, कारण चार्जर नसताना आत ५ व्होल्टच येतात. फोनच्या बाजूला जोडणीच्या वेळी दिसणारी कपॅसिटन्स १० मायक्रोफॅरडच्या आत ठेवा. बकचा मोठा इनपुट कपॅसिटर स्विचच्या पलीकडे.

उलट दिशा अवघड आहे. चार्जर उपटला की आगाऊ सूचना नसते. फास्ट रोल स्वॅपमध्ये (वीज जाताच झटपट भूमिका बदलणं) अडॅप्टर सीसी ६० ते १२० मायक्रोसेकंद खाली ओढतो आणि व्हीबस ५ व्होल्टवर उतरल्यापासून १५० मायक्रोसेकंदांत फोनने वीज द्यायची असते. फोनच्या सिंक क्षमतांमधले (वीज घेणारा म्हणून तो पाठवतो ती माहिती) बिट २४ आणि २३ शून्य असतील तर त्याला हे येत नाही. मोठा कपॅसिटर लावून बघू म्हणाल, तर हिशेब करा: २०० मिलिअँपिअर, अर्धा सेकंद, अर्ध्या व्होल्टची घट, म्हणजे ०.२ फॅरड. खिशातल्या अडॅप्टरमध्ये कुठे बसवणार?

तांब्याची_तार
मग चार्जर काढल्यावर पेनड्राइव्ह एकदा जाऊन परत येईल, हे धरून चालतो. डॅकला आवाज क्षणभर तुटेल.

गुळगुळीत_व्हीबस
हो. फक्त फाइल कॉपी होत असताना चार्जर काढू नका असं 'अ'शेजारी लिहा. आणि 'अ'वर विजेचं चिन्ह ठसठशीत छापा. चार्जर 'ब'त घातला तर दोन्हीकडे पुल-अप, काहीच होणार नाही, आणि गिऱ्हाईक अडॅप्टर बिघडला म्हणून परत आणेल.