पोटातल्या बाळाच्या थायरॉईडसाठी सुई घ्यायची का?

सातारकरीण
धाकट्या जावेला सातवा सरत आलाय. सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याशी गाठ दिसली. गलगंड, थायरॉईड कमी असावं, म्हणाले. आता सुचवलंय, की पोटातून सुई घालून गर्भजलात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, सोडायचं. बाळ ते पाणी गिळतं, त्याबरोबर औषधही जातं. एकदा नव्हे, दर एक-दोन आठवड्यांनी.
मला हे पटत नाही. आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडंफार बाळाला मिळतंच. थायरॉईडची ग्रंथीच नसलेली बाळंसुद्धा जन्मतः इतरांसारखीच दिसतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेकांची वाढ आणि बुद्धी छान होते. मग दोन महिने थांबायला काय होतं? सुईने पाणी फुटलं, अवेळी कळा आल्या तर? शिवाय या उपचाराचे अनुभव जगभरातच मोजके.

काळापांढरा पडदा
ताई, रोज सोनोग्राफीच करतो म्हणून लिहितोय. ग्रंथीच नसलेल्या बाळाला गाठ नसते, त्यामुळे ते उदाहरण इथे गैरलागू. मोठी गाठ अन्ननलिका दाबते. मग बाळ पाणी गिळत नाही, पाणी वाढतं, गर्भाशय ताणलं जातं आणि ज्या अवेळी कळांना तुम्ही भिताय त्या सुईविनाच येतात. गाठीमुळे मान मागे पडते, बाळंतपण अडतं. श्वासनलिका दाबली गेली तर जन्मल्याबरोबर पहिला श्वासच कठीण. प्रश्न फक्त बुद्धीचा नाही, गळ्याचा आहे. गाठ लहान आणि पाणी बेताचं असेल तर मीही थांबाच म्हणेन.

सातारकरीण
पाणी थोडं वाढलंय असं लिहिलंय. ‘थोडं’ म्हणजे किती, कोणी सांगितलं नाही.

दोन लेकरांची आई
त्याआधी एक विचारा: जाऊबाई स्वतः थायरॉईडची कुठली गोळी घेतात? मला ग्रेव्हजचा, म्हणजे थायरॉईड जास्त होण्याचा आजार, त्यासाठी थायरॉईड दाबणारी कार्बिमाझोल गोळी चालू होती. ती वार ओलांडून बाळाची ग्रंथी दाबत होती, म्हणून गाठ. माझा डोस कमी केला आणि काही आठवड्यांत गाठ बसली. सुई नाही की काही नाही.
आणि उलटंही असतं. आईने पूर्वी ग्रंथी काढलेली असते, तिचे रिपोर्ट अगदी नॉर्मल, पण रक्तात ग्रंथीला चेतवणाऱ्या ग्रेव्हजच्या ॲंटिबॉडी तशाच उरलेल्या. त्या बाळाकडे जातात आणि त्याची ग्रंथी सुसाट सुटते. गाठ तशीच दिसते, आजार मात्र उलटा! तिथे थायरॉक्सिन सोडणं म्हणजे आगीत तेल. तेव्हा बाळासाठी आईला थायरॉईड दाबणारी गोळी देतात.

तर्कट
म्हणूनच नाळेतून रक्त काढून खात्री केल्याशिवाय एक थेंबही सोडू नये.

काळापांढरा पडदा
नाळेच्या सुईत शंभरात एखादं बाळ दगावतं हेही लिहा की. ठोके १६०-१७० च्या वर, वाढ खुंटलेली, गुडघ्याजवळ हाड घट्ट होण्याचं केंद्र वेळेआधी दिसतंय, यावरून जास्त थायरॉईड ओळखू येतं. यातूनही उलगडलं नाही तरच नाळ.

तर्कट
‘ओळखू येतं’ म्हणजे अंदाजच ना?

मांडवीकाठ
तुमची सगळी चर्चा ज्यांच्या गावाजवळ असे तज्ज्ञ आहेत त्यांची. भारतात जन्मजात थायरॉईड कमी असलेलं बाळ साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एक. बहुतेकांना गाठ नसते, सोनोग्राफीत काही दिसत नाही. ती सापडतात टाचेच्या रक्ताच्या थेंबावर. आमच्या गोव्यात सरकारने ही तपासणी २००८ मध्ये सुरू केली. अजूनही देशात कितीतरी बाळं ती न होताच घरी जातात. आधी टाच, मग गर्भजल.

काळापांढरा पडदा
टाचेबद्दल दुमत नाही. पण या बाळाची गाठ तर दिसलीये. त्याच्या आईला ‘आधी राज्याची सोय होऊ दे’ म्हणून सांगायचं का?

सातारकरीण
जाऊ कसलीच गोळी घेत नाही, ग्रेव्हज कधीच नव्हता. ठोके १४० च्या आसपास. लिहायचं राहिलं, दीर आणि ती सख्खी मामे-आते भावंडं.

दोन लेकरांची आई
अहो, हे आधी सांगायचं! मग दोघांकडून एकच दोष आला असणार. ग्रंथी आहे, पण तिला हार्मोन बनवता येत नाही, म्हणून फुगते. तसं ठरलं तर पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता.

तर्कट
‘असणार’ नको, ‘असू शकतो’ म्हणा. बाकी पटलं. पाणी आणखी वाढलं तर मीही सुईच्या बाजूने.

सातारकरीण
मी अजून थांबण्याच्याच बाजूने आहे, पण कालच्याइतकी ठाम नाही. परवा पुण्याला नेतोय. पाण्याचं नेमकं माप आणि गाठीची लांबी-रुंदी लिहूनच घेते. आणि टाचेचं रक्त जन्मल्याबरोबर घ्यायचं की नंतर?

मांडवीकाठ
४८ तासांनी. त्यात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, मोजतात आणि पहिल्या दिवशी ते सगळ्याच बाळांचं चढलेलं असतं. त्याआधी सुट्टी देत असतील तर निघण्यापूर्वी घ्या आणि आठवडाभरात पुन्हा बघा.