मदत हवी आहे: जनमत सर्वेक्षणाचा मूळ डेटा

नमस्कार मंडळी. पुण्यात राज्यशास्त्रात एमए करतेय. प्रबंधासाठी वर्तमानपत्रातले टक्के नकोत, एकेका उत्तरदात्याची ओळ असलेली फाइल हवी. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१९-२० च्या भारतातल्या धर्मविषयक सर्वेक्षणाची (जवळपास ३०,००० मुलाखती) फाइल नोंदणी करून मिळाली. गाडी अडलीय ती वेटपाशी (नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून प्रत्येक ओळीला दिलेला भारांक). फक्त महाराष्ट्राच्या ओळी वेगळ्या काढल्या तर देशासाठी दिलेलं वेटच लावायचं का? नमुना लहान झाल्यावर त्रुटीची मर्यादा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये कशी काढता?

लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेचा निवडणूक अभ्यासाचा डेटा कुणी मागवलाय? अर्जाला गाइडचं पत्र जोडावं लागतं का? एक्झिट पोलच्या लिंका मात्र कृपया नकोत, त्यात बहुतेकदा प्रश्नावलीसुद्धा नसते. डेक्कनच्या आसपास कुणी अर्धा तास बसून दाखवणार असेल, तर चहा-क्रीमरोल माझ्याकडून.