मूलपेशींच्या संवर्धनासाठी उंदराच्या गाठीतील जेल अजून किती काळ?

संवर्धक

मानवी मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या तर नुसते पोषकद्रव पुरत नाही, त्यांना धरून राहायला प्रथिनांचा पृष्ठभाग लागतो. पेशीच्या आवरणावरील इंटिग्रिन हे रेणू लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन किंवा व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनांतील ठरावीक जागा ओळखतात आणि तेथेच पकड घेतात. पकड मिळाली नाही तर पेशी मरतात, आणि अयोग्य मिळाली तर त्या मूलपेशी राहत नाहीत, भलत्याच दिशेने विभेदित होऊ लागतात, म्हणजे नको त्या प्रकारच्या पेशी बनू लागतात.

२००१ साली मानवी भ्रूणीय मूलपेशी उंदराच्या पेशींच्या थराशिवाय वाढवता येतात हे दाखवले गेले, ते मॅट्रिजेल या जेलच्या आधारे. तेव्हापासून हा पदार्थ जगभरच्या प्रयोगशाळांत रुळला. उंदराला एंगेलब्रेथ-होल्म-स्वार्म नावाची गाठ वाढवून तिच्यापासून हा अर्क काढतात. त्यात साधारण साठ टक्के लॅमिनिन आणि तीस टक्के चौथ्या प्रकारचे कोलॅजेन असते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु २०१० साली त्याचे सविस्तर प्रथिन-विश्लेषण झाले तेव्हा १,८०० हून अधिक वेगवेगळी प्रथिने सापडली, आणि दोन बॅचमधील साम्य जेमतेम ५३ टक्के भरले. म्हणजे एका बॅचवर मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या बॅचवर मिळाला नाही, तर दोष पेशींचा, संशोधकाचा की जेलचा, हे ठरवायला आधारच उरत नाही.

माझे म्हणणे असे की बहुक्षम, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या, मूलपेशींच्या नित्याच्या संवर्धनासाठी हा पदार्थ आता थांबवावा, आणि सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांनी रचना पूर्ण ठाऊक असलेल्या पुनःसंयोजित (म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेतलेल्या) प्रथिनांकडे वळावे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

ऊतिका

मी ऑर्गनॉइडवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या अवयवासारख्या सूक्ष्म रचनांवर, काम करते, त्यामुळे या प्रस्तावाला माझा विरोध आहे. २००९ साली युट्रेक्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्याच्या एकेका मूलपेशीपासून आतड्यासारखी रचना वाढवली, ती याच जेलमध्ये. त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१६ साली लोझान येथील गटाने कृत्रिम जेलमध्ये आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवून दाखवले, पण त्यांना काय आढळले ते पाहा: मूलपेशींची संख्या वाढण्यासाठी तुलनेने कडक जेल आणि फायब्रोनेक्टिनची पकड लागते, तर त्यांच्यापासून पुढची रचना घडण्यासाठी तेच जेल मऊ व्हावे लागते आणि त्यात लॅमिनिन लागते. हा एका अवयवाचा हिशेब झाला. यकृत, स्वादुपिंड, स्तनग्रंथी यांचा प्रत्येकाचा निराळा निघणार. रुग्णाच्या गाठीचा इवलासा तुकडा हाती येतो, तेव्हा तो त्याच दिवशी जेलमध्ये घालावा लागतो. आधी जेलची रचना निश्चित करू आणि मग तुकडा लावू, असे म्हणण्याची सवड तेथे नसते.

दुसरे असे की ‘रचना ठाऊक आहे’ ही खात्री पहिल्या काही दिवसांपुरतीच असते. पेशी स्वतःची प्रथिने सभोवती स्रवतात आणि थोड्याच काळात आपण दिलेल्या पृष्ठभागावर त्यांनी स्वतः विणलेले जाळे पसरलेले असते.

संवर्धक

ऑर्गनॉइडबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी प्रस्तावात बहुक्षम पेशींचे नित्याचे संवर्धन असे मुद्दाम लिहिले. तेथे मात्र पर्याय हातात आहेत. २०११ साली जेम्स थॉमसन यांच्या गटाने केवळ आठ घटकांचे पोषकद्रव आणि व्हिट्रोनेक्टिनचा एक छोटा भाग एवढ्यावर या पेशी वाढवल्या. तो भाग ई. कोलाय जीवाणूत तयार होतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न बराच हलका होतो. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील गटाने २०१० साली लॅमिनिन-५११ आणि २०१४ साली लॅमिनिन-५२१ वर तेच साधले. संपूर्ण लॅमिनिन तीन साखळ्यांचे अवाढव्य प्रथिन असल्याने ते महाग पडते हे खरे, पण ओसाका येथे त्याचा ई-८ हा लहान तुकडा वेगळा काढण्यात आला, आणि पेशीला पकड देण्याचे काम तो तुकडाच करतो.

पेशी स्वतःचे जाळे विणतात हेही बरोबर आहे, पण ते जाळे त्या पेशींचेच असते. उंदराच्या गाठीतून आलेले वृद्धिघटक पेशींनी मागितलेले नसतात. शिवाय या अर्काच्या काही साठ्यांत उंदरातील लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर वाढवणारा विषाणू आढळला होता, त्यामुळे उत्पादकांना त्यासाठी स्वतंत्र चाचणी सुरू करावी लागली. ज्या विषाणूची शंका आली त्याची चाचणी झाली. ज्याची शंकाच आली नाही, त्याची चाचणी कोण करणार?

नेत्रदीप

या चर्चेत रुग्ण कोठेच दिसत नाही, म्हणून लिहितो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्याच्या लिंबसमधील, म्हणजे पारदर्शक पटलाच्या कडेच्या, मूलपेशी गर्भवेष्टनावर, म्हणजे प्रसूतीनंतर मिळालेल्या मानवी अम्नियॉनवर, वाढवून रासायनिक भाजण्याने खराब झालेल्या डोळ्यांवर बसवल्या गेल्या. २०११ साली २०० रुग्णांचा दीर्घकालीन अनुभव प्रसिद्ध झाला, त्यात ७१ टक्के डोळ्यांत यश मिळाले होते. अम्नियॉनमध्ये कोलॅजेन, लॅमिनिन आणि इतर किती काय असते. दर प्रसूतीगणिक ते थोडे बदलतेही, तरी माणसांना दिसू लागले. युरोपात २०१५ साली मान्यता मिळालेल्या होलोक्लार या उपचारात याच पेशी फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनावर दिल्या जातात, आणि त्या वाढवताना उंदराच्या ३टी३ पेशी वापरलेल्या असतात. नियामकांनी तयार झालेले ऊतक तपासले आणि मान्यता दिली. नैसर्गिक प्रथिनद्रव्यांबद्दलचा हा सरसकट अविश्वास मला अनाठायी वाटतो.

संवर्धक

माझा अविश्वास नैसर्गिक द्रव्यावर नाही, त्याचा माग न लागण्यावर आहे. अम्नियॉन देणाऱ्या मातेची रक्ततपासणी होते, फायब्रिन कोठून आले याची नोंद राहते. लिंबसच्या पेशी फार थोड्या पिढ्या वाढवून त्याच रुग्णाला परत दिल्या जातात. बहुक्षम पेशी मात्र वर्षानुवर्षे वाढवल्या जातात, त्यांच्यावर गुणसूत्रांतील बदलांचे सावट असते, आणि कोणत्या पृष्ठभागामुळे कोणता बदल टिकून राहिला हे नंतर शोधता येत नाही. २००५ साली असेही दिसले की प्राणिज घटकांत वाढवलेल्या मानवी भ्रूणीय पेशी एन-ग्लायकोलिल न्यूरामिनिक आम्ल ही माणसात न बनणारी शर्करा आपल्या पृष्ठभागावर घेतात. बहुतेक माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. हा धोका प्रत्यारोपणाच्या दिवशी समजून उपयोग नाही.

नेत्रदीप

त्यावर उपाय तयार ऊतकाच्या कठोर चाचणीचा आहे, द्रव्यावर बंदी घालण्याचा नाही. कोबे येथे २०१४ साली प्रेरित बहुक्षम (म्हणजे प्रौढ पेशी बहुक्षम अवस्थेत परत नेऊन मिळवलेल्या) पेशींपासून तयार केलेला दृष्टिपटलाचा रंजकथर रुग्णाला बसवला, तेव्हा तो कोलॅजेनच्या जेलवर वाढवून नंतर कोलॅजिनेजने ते जेल विरघळवले होते. आधार नैसर्गिक असला तरी तो रुग्णाच्या डोळ्यापर्यंत नेलाच पाहिजे असे नाही.

टसरवन

आपल्याकडचा एक पर्याय कोणी मांडला नाही. भंडारा-गडचिरोली पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशीम होते. तुतीच्या रेशमातील फायब्रॉइन या मुख्य प्रथिनात आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा पकडीचा क्रम नसतो, टसरमध्ये तो निसर्गतःच असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनवर काम झाले आहे. आयात जेलवर विसंबून राहण्यापेक्षा याचा विचार का होऊ नये?

ऊतिका

अस्थी आणि कूर्चा यांसाठी अवश्य व्हावा. मात्र २००६ साली फिलाडेल्फियातील एंगलर आणि डिशर यांच्या प्रयोगात मज्जेतील मूलपेशी ०.१ ते १ किलोपास्कल इतक्या मऊ जेलवर चेतापेशींकडे, आणि २५ ते ४० किलोपास्कलवर अस्थिपेशींकडे झुकल्या होत्या. रेशमाचा सच्छिद्र आधार मुळात कडक असतो, त्यामुळे मऊ ऊतकांसाठी तो सहज जुळत नाही. शिवाय सेरिसिन हा रेशमावरचा डिंक काढताना कोष किती वेळ उकळले यावर फायब्रॉइनच्या साखळ्यांची लांबी बदलते, म्हणजे बॅचचा प्रश्न येथेही सुटत नाही.

संवर्धक यांच्या प्रस्तावाला मी एका अटीवर पाठिंबा देईन. जुन्या पेशीवाहिन्या (म्हणजे एकाच उगमापासून सतत वाढवत ठेवलेले पेशींचे वंश) नव्या पृष्ठभागावर नेताना दोन्ही पृष्ठभागांवर समांतर संवर्धन, गुणसूत्रांची तपासणी आणि विभेदनाची तुलना करावी लागते, आणि हा सगळा खर्च आज संशोधन-अनुदानात धरलाच जात नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी तो स्वतंत्र शीर्षकाखाली द्यावा, अन्यथा लहान प्रयोगशाळा जुन्याच जेलवर राहतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

संवर्धक

अट मान्य आहे. त्या तुलनेत जी पेशीवाहिनी नव्या पृष्ठभागावर वेगळी वागेल, तिचे जुने निकालही पुन्हा तपासावेत, एवढी माझी भर.